आद्याक्षरांचे राज्य आणि मराठी माणसाचे घर

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गावोगावी पेढे वाटले गेले, सत्कार झाले, भाषणे झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, मुंबईच्या भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला आणि सांताक्रूझच्या जमिनीखालून गाडी धावू लागली. या दोन घटनांचा परस्परांशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो मराठीच्या उत्सवी प्रेमावर नेमके बोट ठेवणारा आहे.

सांताक्रूझहून जी भुयारी मेट्रो सुटते ती ‘एमएमआरसीएल’ची. मरोळ नाक्याला उतरून घाटकोपरची गाडी धरली की प्रवासी ‘एमएमओपीएल’च्या हद्दीत शिरतो. अंधेरी-दहिसरच्या उन्नत मार्गावर गेला तर तेथे ‘एमएमएमओसीएल’चा कारभार. तो मार्ग बांधला ‘एमएमआरडीए’ने. उपनगरी रेल्वेच्या विस्ताराची कामे ‘एमआरव्हीसी’कडे आणि राज्यातील मोठे रस्ते ‘एमएसआरडीसी’कडे. हरवलेल्या पिशवीची चौकशी कुठे करायची, बंद पडलेल्या सरकत्या जिन्याची तक्रार कुणाकडे द्यायची, हे ठरवण्यासाठी सामान्य प्रवाशाने आधी ‘म’काराच्या या अरण्यातून वाट काढली पाहिजे. ज्या भाषेला अभिजात म्हणून गौरवले, तिच्या राजधानीत सार्वजनिक संस्थांची नावे मात्र कुठल्याच भाषेतली नाहीत. ती केवळ अक्षरे आहेत.

प्रवाशाची गैरसोय ही त्यातल्या त्यात किरकोळ बाब. पिशवी गेली तर दुसरी घेता येते. पण हीच आद्याक्षरे माणसाच्या घराच्या कागदपत्रांत शिरतात, एका अक्षराच्या फरकाने अर्थाचे अंतर जमीन-अस्मानाचे होते, आणि ज्याच्या घराचा प्रश्न आहे त्यालाच ते अंतर कळत नाही, तेव्हा हा विषय भाषाप्रेमापुरता राहत नाही. तो हक्काचा होतो.

नापसंतीला म्हणायचे मंजुरी!

सांताक्रूझच्या पूर्वेला आणि पश्चिमेला जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांची दाटी आहे. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी सरकारी कचेरीत नोकरी करून, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून घेतलेली ही घरे. आता या इमारती थकल्या आहेत आणि पुनर्विकासाचे वारे गल्लीगल्लीत वाहत आहेत. वाकोला, गोळीबार भागातील झोपडपट्ट्यांतून पुनर्वसनाच्या योजनांची चर्चा तर वर्षानुवर्षे चालू आहे. संस्थेची सभा भरते. विकासकाचे प्रतिनिधी येतात, सल्लागार येतात, पडद्यावर चित्रे दाखवली जातात. आणि मग ज्या भाषेत बोलणे सुरू होते ती ना धड इंग्रजी ना मराठी. ‘‘एफएसआय अमुक मिळेल, टीडीआर लोड करू, डीआरसी हातात आहे, डीसीआरप्रमाणे बसते, आयओडी दोन महिन्यांत, मग सीसी, छत्तीस महिन्यांत ओसी.’’ समोर बसलेले सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे सभासद माना डोलावतात.

त्यांनी कशाला मान डोलावली, हे पाहण्यासारखे आहे. ‘डीआरसी’ आणि ‘डीसीआर’ यांत केवळ दोन अक्षरांची अदलाबदल आहे. पहिला आहे विकास हक्काचा दाखला, म्हणजे विकत घेता-विकता येणारा हक्क. दुसरी आहे विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे कायदा. तिची १९९१ची आवृत्ती जाऊन २०३४पर्यंतची नवी नियमावली २०१८मध्ये लागू झाली, तेव्हा तिच्या संक्षेपात आणखी एका अक्षराची भर पडून ‘डीसीपीआर’ झाले. बोलणारे मात्र अजून जुनेच नाव घेतात. म्हणजे एक कागद मालमत्तेचा, दुसरा नियमांचा. आणि ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्ही सारखेच.

‘आयओडी’ची कथा तर याहून विलक्षण आहे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८चा, म्हणजे इंग्रजी राजवटीतला. त्याच्या ३४६व्या कलमाने आयुक्तांना बांधकामाच्या प्रस्तावाबद्दल आपली नापसंती कारणांसह कळवण्याचा अधिकार दिला. कालांतराने प्रथा अशी पडली की, अटींची यादी ‘नापसंतीची कारणे’ म्हणून द्यायची आणि त्या अटी पूर्ण केल्या की काम पुढे न्यायचे. त्यामुळे ज्या कागदाच्या नावाचा अर्थ ‘नापसंतीची सूचना’, तोच कागद मुंबईत सशर्त मंजुरी म्हणून मिरवतो. दुसरीकडे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि म्हाडा यांच्याकडून जो कागद मिळतो तो ‘आयओए’, म्हणजे पसंतीची सूचना. एकाच उपनगरात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, एका इमारतीला ‘डी’ मिळतो आणि दुसरीला ‘ए’. एकाचा शब्दार्थ नकार, दुसऱ्याचा होकार. व्यवहारात दोन्ही जवळजवळ एकच. ‘नापसंतीची सूचना’ असे मराठीत छापले असते तर पहिल्याच सभासदाने उठून विचारले असते, ‘‘अहो, नापसंती कळवली आहे, मग पेढे कसले वाटता?’’ त्या एका प्रश्नातून अटींची यादी बाहेर आली असती, कोणत्या पूर्ण झाल्या आणि कोणत्या बाकी आहेत याची चर्चा झाली असती. तीन अक्षरांनी तो प्रश्नच जन्माला येऊ दिला नाही.

एक कायदा, दोन ‘सीसी’

सर्वांत घातक गोंधळ ‘सीसी’चा आहे. मुंबईत ‘सीसी’ म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. पण हीच दोन अक्षरे पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रालाही लागू पडतात आणि अनेक ठिकाणी त्याच अर्थाने वापरली जातात. हा केवळ बोलण्यातला घोळ नव्हे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, ज्याला सारे ‘रेरा’ म्हणतात, त्याच्या दुसऱ्या कलमात प्रारंभ प्रमाणपत्र, पूर्णत्व प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र अशा तिन्हींच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. कायदा करणाऱ्यांना ती तीन भिन्न प्रमाणपत्रे आहेत हे ठाऊक होते. परंतु इंग्रजी आद्याक्षरे काढली की पहिली दोन एकरूप होतात. ज्या कागदाने बांधकाम सुरू होते आणि ज्या कागदाने ते संपते, त्या दोघांना एकच नाव! लग्नाच्या आमंत्रणाला आणि तेराव्याच्या चिठ्ठीला एकच मथळा छापावा, त्यातला हा प्रकार.

बरे, प्रारंभ प्रमाणपत्रही एका दमात मिळतेच असे नाही. प्रथम ते जोत्यापर्यंत मिळते, जोत्याची तपासणी झाल्यावर पुढील मजल्यांसाठी वाढवून दिले जाते. ‘‘सीसी आली’’ एवढेच सांगितले गेले तर ती जोत्यापर्यंतची की शेवटच्या मजल्यापर्यंतची, हे कळायला मार्ग नाही. करारात ‘सीसी मिळाल्यावर सभासदांनी जागा रिकामी करावी’ असे मोघम वाक्य असेल, तर जोत्यापुरत्या परवानगीवर माणसे आपल्या हक्काच्या घरातून भाड्याच्या घरात जातात. पुढे काम रखडले, भाडे थकले, की मग पहिल्यांदा तो कागद कुणीतरी उलगडून वाचतो.

आणि ‘ओसी’? ‘सीसी’ला यमकाने जुळणारी ही अक्षरे. एकीचा अर्थ ‘बांधायला हरकत नाही’, दुसरीचा ‘राहायला हरकत नाही’. या दोहोंमध्ये सारी इमारत उभी राहायची असते. भोगवटा प्रमाणपत्राविना राहायला गेलेल्या कुटुंबाला पाण्याच्या जोडणीपासून घर विकण्यापर्यंत, कर्ज मिळण्यापर्यंत पावलोपावली अडचण येते. वरळीच्या कॅम्पा कोला आवाराचे प्रकरण सर्वांना स्मरत असेल. मंजुरीपेक्षा कितीतरी अधिक मजले तेथे १९८०च्या दशकात बांधले गेले. वर्षानुवर्षे कुटुंबे तेथे नांदली. आणि २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाढीव मजले बेकायदा ठरवले. ती घरे संक्षेपांमुळे बेकायदा झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल; तेथे मूळ प्रश्न मंजुरीविना केलेल्या बांधकामाचा होता. पण आपल्या इमारतीच्या कागदांवर नेमके काय लिहिले आहे हे न कळण्याची किंमत किती असू शकते, याचे तेवढे विदारक उदाहरण दुसरे नाही.

विमानतळाच्या सावलीत

सांताक्रूझला एक गोष्ट अधिकची सोसावी लागते, ती विमानतळाचे शेजारपण. या परिसरातील इमारतीच्या उंचीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यात उंचीचा जो आकडा असतो त्यापुढे ‘एएमएसएल’ ही चार अक्षरे असतात. अर्थ, समुद्राच्या सरासरी पातळीपासूनची उंची. इमारत मात्र लोक मोजतात ती जमिनीपासून. तिच्यासाठी संक्षेप ‘एजीएल’. समजा, प्रमाणपत्रात ५० मीटर लिहिले आहे आणि भूखंड समुद्रसपाटीपासून ८ मीटर उंचीवर आहे, तर इमारतीच्या वाट्याला उरले ४२ मीटर. त्यातच गच्चीवरची पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली सामावली पाहिजे. मजल्याला ३ मीटर धरले तर केवळ चार अक्षरे न कळल्याने अडीच-तीन मजले कागदावरून नाहीसे झाले! मजले कमी म्हणजे विक्रीची घरे कमी, विक्रीची घरे कमी म्हणजे सभासदांना कबूल केलेले वाढीव क्षेत्र धोक्यात. ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द पाचवीच्या भूगोलात आहे. तो छापला असता तर कोणत्याही आजीने नातवाला विचारून वजाबाकी केली असती.

जमिनीच्या क्रमांकाचीही तीच तऱ्हा. मुंबई शहरात ‘सीएस’ क्रमांक, उपनगरात ‘सीटीएस’ क्रमांक, आणि सांताक्रूझसारख्या ठिकाणी जेथे जुन्या नगररचना योजना आहेत तेथे ‘टीपीएस’मधील अंतिम भूखंडाचा ‘एफपी’ क्रमांक निराळा. एकाच भूखंडाचे दोन निरनिराळे क्रमांक असू शकतात. कोणता कागद कोणत्या क्रमांकाने निघाला हे पाहिले नाही, तर शेजारच्या भूखंडाचा दाखला आपला म्हणून जोडला जाण्यास वेळ लागत नाही.

‘पीएमसी’ या अक्षरांची गोष्ट तर करुण आहे. संस्थेच्या सभेत ‘पीएमसी नेमा’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. पुण्यात तोच संक्षेप महानगरपालिकेचा. आणि सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने ज्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, जिच्या ठेवीदारांवर आपल्याच पैशासाठी रस्त्यावर उतरण्याची वेळ आली, तिलाही लोक ‘पीएमसी’च म्हणत. सल्लागार, नगरसंस्था आणि बुडालेली बँक यांना एकाच नावाने ओळखणारा समाज हिशेब कसा विचारणार?

अडाणी कोण?

यावर एक ठरलेले उत्तर तयार असते. ‘‘लोकांनी थोडे शिकावे. इंग्रजी आता जगाची भाषा आहे. एवढी साधी अक्षरे कळत नसतील तर दोष कुणाचा?’’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी इंग्रजीच्या मायदेशांतला अनुभव पाहावा. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने २००४मध्ये, वैद्यकीय नोंदींत कदापि वापरू नयेत अशा संक्षेपांची यादीच प्रसिद्ध केली. ‘क्यूडी’ म्हणजे दररोज एकदा आणि ‘क्यूओडी’ म्हणजे एक दिवसाआड. मधल्या एका अक्षराने औषध दुप्पट किंवा निम्मे होते. ‘एमएस’ म्हणजे मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट, हे अक्षरांवरून ठरत नाही. ‘युनिट’साठी लिहिलेले ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे दिसते आणि मात्रा दहापट होते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, ज्यांचे शिक्षण वैद्यकाचे, त्या डॉक्टर-परिचारिकांनाही सारखे दिसणारे संक्षेप ओळखता येत नाहीत, म्हणून तेथे त्यांच्यावर बंदी घालून ‘पूर्ण शब्द लिहा’ असा दंडक केला. त्या डॉक्टरांना कुणी अडाणी म्हटले नाही. दोष वाचणाऱ्याचा नसून लिहिण्याच्या पद्धतीचा आहे, हे तेथे मान्य झाले. मग सांताक्रूझच्या निवृत्त शिक्षिकेने ‘सीसी’ कोणती असे विचारले, तर ती अडाणी कशी ठरते?

दुसरा आक्षेप असा की, मराठी प्रतिशब्द बोजड आहेत. हा आक्षेप घेणाऱ्यांनी ते शब्द एकदा उच्चारून पाहावेत. प्रारंभ प्रमाणपत्र, पूर्णत्व प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र. इरादापत्र, ना-हरकत, मालमत्ता पत्रक, कुलमुखत्यारपत्र, चटईक्षेत्र, जोते. यातला कोणता शब्द परका वाटतो? ‘भोगवटा’ हा शब्द ज्याने आजोबांचा सातबारा पाहिला आहे त्याला शिकवावा लागत नाही; ‘भोगवटादार’ तेथे पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. ‘चटई’ तर प्रत्येक घरात अंथरलेली असते. आणि लांबीचाच प्रश्न असेल तर ‘एमएमएमओसीएल’ देवनागरीत लिहून पाहावे व त्याशेजारी ‘महामुंबई मेट्रो’ लिहावे. इंग्रजीत जो संक्षेप असतो, तो मराठीत उतरताना संक्षेप राहतच नाही. त्याची एक निरर्थक माळ होते. सोय म्हणावी तर तीही नाही!

शिवाय हे घडू शकते याचा पुरावा महाराष्ट्रानेच दिला आहे. जून २००५मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले. नव्या कंपन्यांची इंग्रजी आद्याक्षरे होती ‘एमएसईडीसीएल’ आणि ‘एमएसईटीसीएल’. सहा अक्षरांच्या दोन रांगा, फरक मधल्या एका अक्षराचा. वीज कोण वाहून नेतो आणि घरी कोण पोचवतो हे त्यावरून कुणाच्या बापजन्मी कळले नसते. पण त्यांना महावितरण, महापारेषण आणि वीजनिर्मितीच्या तिसऱ्या कंपनीला महानिर्मिती अशी नावे मिळाली. आज खेड्यातला शेतकरीही ‘महावितरणचे बिल’ म्हणतो आणि कार्यालयाचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. नावातच काम सांगितलेले आहे. जे विजेच्या बाबतीत जमले ते मेट्रोच्या, रस्त्यांच्या, घराच्या बाबतीत का जमू नये?

मराठीला संक्षेपाचे वावडे कधीच नव्हते. स. न. वि. वि., ता. क., क. लो. अ., चि., सौ., ती., रा. रा. ही तर मराठी पत्रव्यवहाराची लेणी होती. सातबारा हाही एक प्रकारचा संक्षेपच. गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांचा मिळून झालेला. पण या सर्वांमागे एक शिस्त होती. आधी पूर्ण वाक्य समाजाच्या तोंडी रुळले आणि मग त्याचे लघुरूप झाले. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ ठाऊक नाही असा पत्र लिहिणारा नव्हता. आजच्या आद्याक्षरांमागे असे काहीच नाही. अक्षरे आधी येतात. अर्थ कधीच येत नाही. फ्रान्सने ‘नाटो’ला ‘ओटान’ केले, ‘एड्स’ला ‘सिडा’ केले, कारण त्यांनी आधी आपल्या भाषेत पूर्ण नाव केले आणि मग त्याचा संक्षेप काढला. स्वाभिमानी समाज शब्द उसने घेताना तरी निदान त्यांचा अर्थ ताब्यात ठेवतो.

कायदा आहे, दरारा नाही

हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याला कळला होता. परकीय राजवटीच्या संज्ञा स्वराज्याच्या कारभारात चालू राहिल्या तर प्रजेला आपलेच राज्य परके वाटेल, हे ओळखून छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला. तोच धागा विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत उचलला. महापौर, दिनांक, क्रमांक, हुतात्मा हे त्यांनी दिलेले शब्द आज त्यांचे कडवे विरोधकही बिनदिक्कत वापरतात. हे शब्द आले तेव्हाही ‘बोजड’ म्हणून हसणारे होते. हसणारे विस्मृतीत गेले, शब्द राहिले.

भाषेसाठी राज्य व्हावे म्हणून १०६ हुतात्म्यांनी प्राण दिले. त्या राज्याने १९६४मध्ये राजभाषा अधिनियम केला. भाषा संचालनालय तर राज्याच्या जन्मवर्षीच, १९६०मध्ये, स्थापन झाले. त्याने परिभाषा कोशांची रांग उभी केली. महानगरपालिका, प्राधिकरणे यांच्या कारभारातही मराठी बंधनकारक करणारा कायदा २०२२मध्ये झाला. पुनर्विकासासंबंधी सहकार खात्याचा ४ जुलै २०१९चा शासन निर्णय मराठीतच आहे आणि सभासदांना तो वाचता येतो. म्हणजे शब्द आहेत, कोश आहेत, कायदे आहेत, उदाहरणेही आहेत. तरी सभासदाच्या हाती पडणारी मंजुरीपत्रे, करारनामे, सल्लागारांचे अहवाल बहुतांशी इंग्रजीत आणि त्यांवरील चर्चा आद्याक्षरांत. कोश कपाटात आणि कारभार काळोखात, अशी ही स्थिती आहे.

हा काळोख कुणाच्या पथ्यावर पडतो? प्रत्येक विकासक लबाड असतो असे मुळीच नाही. वेळेत उत्तम घरे देणारेही आहेत. पण जेथे ग्राहकाला कागद कळत नाही तेथे सचोटी ही विकासकाच्या मर्जीची गोष्ट होऊन बसते, आणि कागद समजावून सांगणारा दलाल हा मधला धनी होतो. परक्या राजवटीत दुभाष्याला जे महत्त्व होते, ते स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या घराच्या व्यवहारात त्याला पुन्हा मिळाले आहे.

मात्र सारा दोष शासनावर ढकलून मध्यमवर्गाला नामानिराळे राहता येणार नाही. सभेत अर्थ न कळूनही मान डोलावणारा तोच. ‘ओसी म्हणजे काय हो?’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहून गालातल्या गालात हसणारा तोच. आपण चार आद्याक्षरे फेकली की शिकलेले ठरतो, हा समज त्यानेच जोपासला. गुलामगिरीची सर्वांत टिकाऊ बेडी ही असते, जी घालणाऱ्याला दागिना वाटते.

काय करता येईल?

मागण्या मोठ्या नाहीत आणि त्यांना खर्चही फारसा नाही. बांधकामाशी संबंधित प्रत्येक मंजुरीपत्राच्या शीर्षस्थानी त्याचे पूर्ण मराठी नाव ठळकपणे छापले जावे आणि ते कशासाठी आहे व कशासाठी नाही, हे दोन वाक्यांत लिहिलेले असावे. ‘हे प्रमाणपत्र जोत्यापर्यंतच्या बांधकामासाठी आहे, राहण्यास परवानगी देणारे नाही’ एवढे वाक्य लिहिल्याने महापालिकेची शाई संपणार नाही. पुनर्विकासाचा करारनामा मराठीतही दिला जावा आणि त्यात कोठेही उघडा संक्षेप असू नये. उंचीचा आकडा जमिनीपासूनही लिहिला जावा. सार्वजनिक संस्थांना महावितरणच्या धर्तीवर काम सांगणारी मराठी नावे मिळावीत.

शासन हे करील तेव्हा करील. कार्यकर्त्यांना त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. वस्तीतील एखादा निवृत्त अभियंता, एखादा वकील, एखादी शिक्षिका यांनी एकत्र बसून आपल्या भागात लागणाऱ्या पंधरा-वीस कागदांची पूर्ण मराठी नावे, त्यांचा क्रम आणि प्रत्येकाचा अर्थ असे एक पान तयार करावे आणि प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर लावावे. झोपडपट्टीतल्या पुनर्वसन योजनेच्या रहिवाशांपर्यंतही ते पोचवावे, कारण इरादापत्र आणि पसंतीची सूचना यांतला फरक तेथे तर कुणीच समजावत नाही. सभेच्या सूचनेत आणि इतिवृत्तात आद्याक्षरे येणार नाहीत असा ठराव प्रत्येक संस्थेला आजच करता येईल. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. इतिवृत्तात ‘सीसी मिळाली’ असे न लिहिता ‘जोत्यापर्यंतचे प्रारंभ प्रमाणपत्र मिळाले’ असे लिहिले गेले, तर उद्या तोच कागद न्यायालयात सभासदांच्या बाजूने उभा राहील.

आणि सभेत बसलेल्या प्रत्येकाने एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. समोरचा कितीही झोकात बोलत असो, पडद्यावर कितीही मजली मनोरा उभा असो, हात वर करून म्हणावे, ‘‘साहेब, पूर्ण नाव सांगा, मराठीत सांगा.’’ ज्याला स्वतःला अर्थ ठाऊक आहे तो आनंदाने सांगेल. जो सांगणार नाही, त्याच्या हाती घराची किल्ली देण्यापूर्वी सभासदांनी दहादा विचार करावा.